पाणीवाली बाई आमदार झाली तेव्हा

राम मंदिर स्टेशनच्या अंगाने जाणारा तो फ्लायओव्हर आठवतोय? वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे सोडून एस. व्ही. रोडला उतरायचं असेल, तर रिक्षावाला हमखास तोच पकडतो. त्याच्या पाटीवर नाव आहे मृणालताई गोरे उड्डाणपूल. गोरेगावच्या पट्ट्यात कॉलेजला जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण आठवड्यातून चारदा तरी या पुलावरून जात असतील. आता एक छोटीशी टेस्ट. या बाई कोण होत्या, हे गुगल न करता सांगा बघू.

घरी आजी असेल तर तिला विचारा. ती बहुतेक एका शब्दात उत्तर देईल, पाणीवाली बाई. आणि मग लाटण्यांबद्दल काहीतरी बोलेल. पण उत्तर तिथेच संपत नाही, म्हणून हा लेख. मृणालताईंना जाऊन आता एक तप उलटून गेलंय. आपल्या पिढीने त्यांना पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही, त्यांची एकही रील नाही. आमदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो दहीहंडीचा बॅनर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कॉलेज फेस्टला बक्षीस द्यायला तासभर उशिरा येणारी गाडी. आमदाराचं खरं काम काय असतं, हे पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा बोटाला शाई लावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मृणालताईंचं आयुष्य वाचलं की ते फार सोपं करून कळतं.

त्यांचा जन्म २४ जून १९२८चा. माहेरचं आडनाव मोहिले. हुशार मुलगी, डॉक्टर व्हायला निघालेली. त्या काळात मुलीने मेडिकलला जाणं ही केवढी मोठी गोष्ट असेल, विचार करा. आज नीटच्या मार्कांसाठी आपण दोन-दोन वर्षं घासतो. तर ही मुलगी राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीच्या संपर्कात आली आणि तिने डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं. १९४८ साली केशव गोरे या समाजवादी कार्यकर्त्याशी तिने लग्न केलं. त्यांना सगळे बंडू गोरे म्हणायचे. लग्न जातीबाहेरचं होतं. जोडपं राहायला आलं गोरेगावला.

तेव्हाचं गोरेगाव डोळ्यांसमोर आणणं जरा कठीण जातं. मॉल नाही, फिल्मसिटी नाही, मेट्रो तर नाहीच नाही. ते मुंबईतसुद्धा नव्हतं. कारभार ग्रामपंचायतीचा. शहराची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंत सरकली, आणि गोरेगाव-मालाड-कांदिवली-बोरिवली आणि तिकडे मुलुंड हे सगळं महापालिकेत आलं ते १९५७ला. म्हणजे आज ज्याला आपण बिनधास्त मुंबई म्हणतो, त्यातला मोठा तुकडा तेव्हा गावच होता. मृणालताईंनी तिथे महिला मंडळाचं काम सुरू केलं आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच कुटुंब नियोजनाचं केंद्रही चालवलं. त्या काळी चार बायकांमध्ये हा विषय काढायलाही हिंमत लागत असणार. राजकारणातली पहिली पायरीही तिथलीच, ग्रामपंचायतीची.

१९५८ मध्ये केशव गोरे वारले. मृणालताई तेव्हा तिशीच्या होत्या, घरात लहान मुलगी. इथे कोणीही थांबलं असतं आणि कोणी बोल लावला नसता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला. गोरेगाव पश्चिमेला ती वास्तू आजही आहे. नाटकाच्या तालमी, चर्चा, शिबिरं असं काही ना काही तिथे चालू असतं. तुमच्यापैकी एकांकिका करणाऱ्यांना ती जागा माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता पाण्याकडे येऊ, कारण नाव तिथूनच पडलं.

मुंबईच्या पाण्याची एक गंमत आहे. खरं तर गंमत कसली, चीड आणणारी गोष्ट आहे. शहराला नळाचं पाणी देण्यासाठी इंग्रजांनी पहिला तलाव बांधला तो विहार, १८६० साली. मग तुळशी, मग तानसा. विहार आणि तुळशी कुठे आहेत? आपल्याच उपनगरांच्या डोंगरात, आजच्या नॅशनल पार्कात. पाणी साठायचं इथे, आणि ते जायचं तिकडे, शहर नावाच्या दक्षिणेच्या टोकाला. उपनगरं हद्दीत आली, घरपट्टी भरायला लागली, मतं द्यायला लागली, पण पाण्याच्या रांगेत शेवटचीच राहिली. त्यातही चाळीचा नंबर वर आणि झोपडपट्टीचा तर नंबरच नाही. झोपडी अनधिकृत, म्हणजे कागदावर ती नाहीच, आणि जी नाही तिला नळ कसा द्यायचा, असं सरळसोट गणित होतं.

हे गणित सगळ्यात आधी कोणाच्या अंगावर यायचं, तर बाईच्या. पहाटे उठून हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभं राहायचं, भांडायचं, पाणी आलं नाही तर लांबच्या विहिरीवर जायचं, आणि मग कामाला. मृणालताई १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून आल्या. नगरसेविका म्हणून त्यांनी हाच प्रश्न धरून ठेवला. रिकामे हंडे घेऊन बायकांचे मोर्चे निघायला लागले. अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर बायका बसून राहायच्या. आज हंडा मोर्चा ही इतकी नेहमीची गोष्ट झालीय की उन्हाळ्यात कुठलाही पक्ष तो काढतो, फोटोग्राफर आल्यावर हंडे डोक्यावर जातात आणि फोटो झाला की खाली येतात. तेव्हा तो फोटोसाठी नव्हता. पाणी मिळेपर्यंत बाई हलायची नाही, एवढंच त्यामागचं तंत्र होतं. वस्त्यांमध्ये सार्वजनिक नळ आले, आणि लोकांनी पाणीवाली बाई हे नाव देऊन टाकलं. पदव्या बऱ्याच जणांना मिळतात. वस्तीने दिलेलं नाव फार थोड्यांना मिळतं, आणि तेच टिकतं.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, कारण माझ्याही आला होता. अनधिकृत झोपड्यांना पाणी दिलं तर अतिक्रमण वाढणार नाही का? टॅक्स भरणाऱ्याने काय करायचं? हा आक्षेप तेव्हाही घेतला जायचा आणि आजही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी घेतला जातो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. शहराला जमीन कमी आहे हे खरंच. पण यातली एक बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. झोपडीत राहणारा माणूस पाणी नाही म्हणून गावाला परत जात नाही. तो ते विकत घेतो, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पैसे देऊन, किंवा चोरून घेतो, किंवा घाण पाणी पितो. पाणी तोडल्याने झोपडी जात नाही, फक्त मूल आजारी पडतं. मृणालताईंची लढाई या साध्या हिशेबावर उभी होती. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. तोवर मृणालताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. नळासाठी पहिले मोर्चे निघाल्याला तर पन्नासएक वर्षं.

१९७२ला त्या विधानसभेवर निवडून गेल्या, समाजवादी पक्षाकडून, दणदणीत मतांनी. हे साल नीट लक्षात घ्या. त्या निवडणुकीत २७०पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या. म्हणजे विरोधी पक्ष नावाला. मतदान झालं की तुम्ही हरणारच, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. अशा सभागृहात विरोधी आमदाराकडे उरतं काय? प्रश्न. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव. मास कॉमला असल्यामुळे मला हे शब्द पाठ करावे लागले, नाहीतर मलाही झोपच आली असती. पण यांचा अर्थ सोपा आहे. मंत्र्याला सगळ्यांसमोर उभं करून उत्तर द्यायला लावायचं, आणि ते उत्तर कायमचं कागदावर राहतं. ज्याच्याकडे मतं नाहीत त्याच्या हातात एवढंच हत्यार असतं. आणि त्याला धार असते ती बाहेरून आणलेल्या माहितीची. कुठल्या वस्तीत किती दिवस पाणी नाही, कुठल्या रेशन दुकानात साखर आली नाही, हे ज्याला स्वतः उभं राहून माहीत असतं, त्याला टाळणं मंत्र्याला जड जातं.

रेशनचं नाव घेतलं ते उगाच नाही. १९७२ म्हणजे मोठ्या दुष्काळाचं वर्ष. धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळ्याचे भाव चढले आणि वस्तू दुकानातून गायब झाल्या. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. कोणी समाजवादी, कोणी मार्क्सवादी, कोणी भाकपची. पुरुष नेत्यांना जे एकत्र बसणं एरवी जमायचं नाही, ते या बायकांनी तेलाच्या डब्यावरून जमवलं. आणि हत्यार काय निवडलं? लाटणं. स्वयंपाकघरातून निघालेल्या हजारो बायका लाटणी उंचावून रस्त्यावर आल्या. त्यात कुठल्याही पक्षाशी संबंध नसलेल्या, आयुष्यात कधी मोर्चा न पाहिलेल्या बायका होत्या. ज्यांना बाहेर पडणं शक्य नव्हतं, त्यांनी ठरलेल्या वेळेला घरातून थाळ्या वाजवल्या.

थाळ्या म्हटल्यावर तुम्हाला २०२० आठवलं असणार. आपण लहान होतो, गॅलरीत उभं राहून मजा म्हणून बडवत होतो. सत्तरच्या दशकातली थाळी रिकामी होती म्हणून वाजत होती, एवढा फरक. मंत्र्यांना घेराव झाले, साठेबाजांच्या मागे बायका लागल्या. एक गोष्ट मला यात फार आवडते. मृणालताई तेव्हा आमदार होत्या. आमदार झाल्यावर मोर्च्याच्या पुढे चालायचं की मोर्च्याचं निवेदन स्वीकारायचं, असे दोन रस्ते असतात. त्यांनी पहिलाच रस्ता चालू ठेवला.

मग आणीबाणी. जून १९७५मध्ये ती लागल्यावर मृणालताई भूमिगत झाल्या, काही महिने पोलिसांना सापडल्या नाहीत, आणि वर्ष संपता संपता पकडल्या गेल्या. त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकांत कोठडीत ठेवलं होतं. आजूबाजूला एक कुष्ठरुग्ण स्त्री आणि एक मनोरुग्ण स्त्री. माणसाचं मन मोडण्यासाठी ही जागा निवडली गेली असावी, असं वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या पुस्तकात आणीबाणी दोन पानांत संपते. ज्यांनी ती कोठडीत काढली, त्यांच्यासाठी ती किती पानांची असेल कोणास ठाऊक.

१९७७च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. मुंबईकरांनी लगेच यावर एक घोषणा जुळवली. पाणीवाली बाई दिल्लीत पोचली आणि दिल्लीवाली बाई पाण्यात गेली, अशा अर्थाची. आजच्या भाषेत ते मीम व्हायरल झालं म्हणा. मोरारजी देसाईंनी त्यांना आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं आणि त्यांनी ते घेतलं नाही. हे वाचून मी थोडी चिडलेच. घ्यायला काय हरकत होती? सत्तेत जाऊन जास्त काम झालं असतं ना? त्यांना लोकांमध्ये राहून काम करायचं होतं, हे त्यांचं उत्तर मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. समाजवादी मंडळींना सत्तेचं जे वावडं होतं, त्याची किंमत त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या लोकांनीही मोजली, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

पण डॉक्टरकी सोडलेल्या, आरोग्य मंत्रिपद नाकारलेल्या या बाईंच्या हातून सगळ्यात दूर पोचलेलं काम झालं ते आरोग्याच्याच बाबतीत, आणि तेही विरोधी बाकावरून. ही गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण पाणी आणि लाटणं सगळ्यांना माहीत असतं, ही मात्र कोणाला आठवत नाही.

गर्भजलपरीक्षा नावाची तपासणी आहे. पोटातल्या बाळाला काही गंभीर आनुवंशिक आजार आहे का, हे पाहण्यासाठी गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासतात. त्यातून मुलगा की मुलगी हेही कळतं. सत्तरच्या दशकात हे तंत्र भारतात आलं, आणि ज्या कामासाठी आलं होतं ते बाजूलाच राहिलं. सरकारने सरकारी दवाखान्यांत त्याचा लिंग ओळखण्यासाठी वापर बंद केला. मग खासगी दवाखाने सुरू झाले. ऐंशीच्या दशकात मुंबईत याच्या उघड जाहिराती व्हायच्या, लोकलच्या डब्यातसुद्धा. आत्ता काही शे रुपये खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा लाखांचा खर्च वाचवा, असा त्यांचा सूर. आज आपण ज्या डब्यात क्लासेसच्या आणि डोकेदुखीच्या जाहिराती वाचत उभे असतो, तिथे हे लिहिलेलं असायचं. आणि हे बेकायदेशीर नव्हतं.

१९८५च्या सुमारास मुंबईतल्या स्त्री संघटना, काही डॉक्टर, वकील, पत्रकार यांनी एकत्र येऊन याविरुद्ध मंच उभा केला. १९८६मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंग ओळखण्यासाठी ही तपासणी करत असल्याचं निघालं. पन्नासात बेचाळीस! चोरून कुठेतरी गल्लीत चालणारा हा धंदा नव्हता, तो बोर्ड लावून बसलेल्या शिकल्या-सवरल्या शहराचा होता.

मृणालताई १९८५मध्ये पुन्हा विधानसभेवर निवडून आल्या होत्या, जनता पक्षाकडून. १९८६मध्ये त्यांनी या तपासणीविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. हा शब्द लक्षात ठेवा, परीक्षेला नाही आला तरी मतदानाला उपयोगी पडेल. कायदा फक्त मंत्रीच आणू शकतात असं नाही. कुठलाही आमदार विधेयक मांडू शकतो, त्याला अशासकीय म्हणतात. असली विधेयकं मंजूर जवळपास कधीच होत नाहीत. मग मांडायची कशाला? तर सरकारला बोलायला लावायला. विधेयक समोर आलं की सरकारला हो तरी म्हणावं लागतं, नाही तरी, किंवा आम्हीच आणतो म्हणावं लागतं. बाहेर मंचाची निदर्शनं, पथनाट्यं, लेख, आणि आत हा कागद. सरकारने माहिती गोळा केली, समिती बसवली, आणि शेवटी स्वतःचं विधेयक आणलं. १९८८चा तो महाराष्ट्राचा कायदा म्हणजे गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी झाला, १९९४ला, आणि लागू झाला १९९६च्या सुरुवातीपासून.

एका आमदाराने मांडलेला एक कागद. तो मंजूर न होताच कामाला आला.

आता दुसरी बाजू. कायद्यात फटी होत्या. तो राज्यापुरता होता, म्हणजे हद्द ओलांडून जा आणि तपासणी करून या. जिने तपासणी करून घेतली त्या बाईलाही त्यात शिक्षा होती, घरातल्या दबावाखाली तिला नाही म्हणता येतं का याचा विचार फारसा न करता. गर्भजलपरीक्षेपेक्षा स्वस्त आणि सोपी सोनोग्राफी गावोगावी पोचली. जनगणनेचे आकडे बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या १९९१मध्ये ९४६, २००१मध्ये ९१३, आणि २०११मध्ये ८९४. पहिला कायदा करणारं राज्य, आणि आकडा खालीच. २०००मध्ये सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सुप्रीम कोर्टात जाऊन सांगावं लागलं की कायदा आहे, तो राबवा. आपल्या वर्गातल्या मुला-मुलींची जन्मवर्षं याच दोन जनगणनांच्या मधली आहेत. तेव्हा हा इतिहास फार लांबचा नाही.

१९८८-८९ मध्ये मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. ते पद केवढं मोठं, हे वेगळं सांगायला नको. पण मला त्यापेक्षा त्याच काळात दिंडोशीला चाललेलं काम जास्त सांगण्यासारखं वाटतं.

बेस्टच्या बसवर नागरी निवारा असा बोर्ड तुम्ही वाचला असेल. गोरेगाव पूर्वेची ती वसाहत. गोष्ट अशी आहे. १९७६मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरात एका मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन कोणाकडे असेल, तर जादाची सरकारने घ्यावी आणि सामान्य माणसाच्या घरांसाठी वापरावी, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात त्यातल्या सवलतीच्या कलमांतून जमिनी सुटत राहिल्या. मृणालताई, बाबुराव सामंत आणि प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषद काढली आणि म्हणाले, कायद्यात लिहिलंय ना, मग द्या. हेच प. बा. सामंत मुख्यमंत्री अंतुले यांच्या सिमेंट प्रकरणात हायकोर्टात गेले होते, यावरून माणसं कशी होती ते समजा. जमिनीचं हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. शेवटी दिंडोशीला सुमारे ६२ एकरांवर ६२१४ घरं उभी राहिली. कमी उत्पन्नाच्या लोकांची, सहकारी सोसायट्यांची, बिल्डर मधे न घेता. आज त्या भागातले वन बीएचकेचे रेट माहीत असतील तर हा आकडा पुन्हा एकदा वाचा. कमाल धारणा कायदा पुढे महाराष्ट्रातही रद्द झाला, त्यामुळे तसं दुसरं काही आता उभं राहणं अवघड आहे.

याच काळात, १९८३मध्ये, केशव गोरे ट्रस्टने स्वाधार सुरू केलं. नवऱ्याने मारलं, सासरच्यांनी हाकललं, जायचं कुठे, अशा बायकांसाठी सल्ला आणि आधार देणारं केंद्र. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा यायला त्यानंतर बावीस वर्षं लागली, म्हणजे तोपर्यंत हातात कायदा नसताना हे काम करायचं होतं. नव्वदच्या दशकात त्या एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाविरुद्ध गुहागरला उभ्या राहिल्या. वीज महाग पडेल, करार राज्याला बुडवेल, हा विरोधकांचा मुद्दा होता. प्रकल्प थांबला नाही. पण २००१मध्ये महाराष्ट्राला ती वीज परवडेनाशी झाली, कारखाना बंद पडला आणि वर्ष संपायच्या आत अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. इकॉनॉमिक्सवाल्यांनी हे प्रकरण प्रोजेक्टसाठी जरूर घ्या, मटेरियल भरपूर आहे.

त्यांचे पक्ष मात्र टिकले नाहीत. समाजवादी पक्ष, मग जनता पक्ष, मग जनता दल. दर काही वर्षांनी फूट, नवीन झेंडा, नवीन चिन्ह. गोरेगावातही राजकारण बदललं, दुसऱ्या पक्षांनी जागा घेतली. मृणालताईंच्या मागे ना पक्षाचा वारसा राहिला ना घराणं. आजच्या हिशेबात याला अपयश म्हणायला हवं, कारण हल्ली आमदारकीसुद्धा सातबाऱ्यासारखी नावावर चढते. त्यांच्या पाठीमागे काय राहिलं ते मोजायचं तर वस्तीतले नळ मोजा, दिंडोशीतली घरं मोजा, स्वाधारमध्ये येऊन गेलेल्या बायका मोजा.

१७ जुलै २०१२ रोजी वसईत मुलीच्या घरी त्या गेल्या. वय ८४. त्या वेळी आपल्यातले बरेचसे प्राथमिक शाळेत होते.

पुढच्या वेळी घरातल्या कोणाबरोबर सोनोग्राफी सेंटरला जाल, तेव्हा रिसेप्शनच्या भिंतीवर एक पाटी दिसेल. इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे, असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली. ती कायद्याने लावावीच लागते. डॉक्टर येईपर्यंत तशीही वाट बघायची असते, तेवढ्यात वाचून घ्या.